तीन पेले आणि बाहेर उभा सायडरवाला

तो मुळात आमच्या दुकानात आलाच नव्हता. त्याला जायचं होतं शेजारच्या खानावळीत. दार चुकला, हातातलं खोकं आमच्या काउंटरवर टेकवलं आणि नाक मुरडून म्हणाला, "इथे कुणी मोजे वाळत घातलेत का?"

"चीज आहे ते," मी म्हणाले. "चार महिने मिठाच्या पाण्याने पुसून पुसून तयार केलेलं."

"मग मोज्यांपेक्षा बरीच जास्त निगा घेतलीय."

खरं तर मला राग यायला हवा होता. मी मात्र सुरी हातात धरून हसत उभी... त्याने खोक्यातली एक बाटली उघडली. स्वतःच्या बागेतली सफरचंदं आंबवून केलेली सायडर, पहिल्याच वर्षाची. एक घोट, एक तुकडा चीज, पुन्हा एक घोट. इतकं छान लागलं की मी तोंडावर सांगून मोकळी झाले.

तिथेच माझी पंचाईत सुरू झाली.

दुकान मावशीचं. दर मोसमात ती एक चीज निवडते आणि त्याच्या जोडीला एकच पेय ठरवते — वाइन, बिअर नाहीतर सायडर. गिऱ्हाइकं तिच्या शब्दावर डोळे मिटून घेऊन जातात. यंदा पहिल्यांदाच तिने ही निवड माझ्यावर सोपवली होती. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत ठरवायचं. निवड पटली तर काउंटर माझ्या हाती, नाहीतर मी आपली वर्षभर कागदात चीज गुंडाळत बसणार.

आणि हा दर दोन दिवसांनी हजर.

"ही थोडी कमी गोड आहे. बघता का?"

मी बघायचे. बाटलीकडे कमीच. घोट घेताना तो एक डोळा मिटायचा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्यांना सफरचंदाचा वास यायचा. तो समोर असला की सायडर अप्रतिम लागायची. ठीक आहे. पण मग वाइनही अप्रतिम लागायची. बिअरही. एकदा तर मी चुकून गार झालेल्या चहाचा घोट घेतला आणि तोही चीजला शोभतोय असं मला वाटलं. आता ही सायडरची करामत, चीजची, की...? काही केल्या उलगडा होईना.

त्या शुक्रवारी दुपारी मावशीने एकसारखे तीन पेले भरून मांडले. कशात काय आहे ते तिलाच ठाऊक. सायडरवाला काउंटरला रेलून उभा होता. मी चाखलं आणि म्हणाले, "तिन्ही छान."

मावशीने चष्मा काढला. "तिन्ही छान म्हणजे एकही नीट चाखलं नाहीस." मग त्याच्याकडे वळून, "तुम्ही जरा बाहेर थांबा. आणि काचेतून डोकावू नका."

तिने पेल्यांची अदलाबदल केली. मी दाराकडे पाठ केली. पहिला पेला चीजबरोबर तुरट झाला. दुसऱ्याने चीजचा उग्रपणा हळूच मऊ केला. तिसरा... मी तिसरा पुन्हा चाखला. पाणी पिऊन आणखी एकदा चाखला. चीज कडू होत होतं.

"दुसरा," मी म्हणाले.

"काळी बिअर," मावशी म्हणाली. "तिसरा कशाचा ते सांगू?"

सांगायची गरज नव्हती. "मावशी, सायडरच ठेवली तर...?"

"ठेव की. गिऱ्हाइकाला काय सांगशील तेवढं ठरव."

मी बिअरचं नाव पाटीवर लिहिलं आणि बाहेर गेले. तो रिकाम्या खोक्यावर बसला होता. माझं तोंड पाहूनच उठला.

"नापास?"

"या चीजबरोबर कडू लागते."

"थोडी?"

"चांगलीच."

त्याने मान हलवली. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी माझं काळीज वेड्यासारखं धडधडत होतं. "मला वाटायचं, सायडर आवडली म्हणून असं होतंय," मी बोलून गेले. "आता ती आवडली नाही — तरी होतंयच."

"काय होतंय?"

"तेच तर कळत नाहीये."

तो म्हणाला, "मी दर खेपेला तुमच्याकडून या चीजचा तुकडा घरी नेला. घरी एकदाही आवडला नाही. वाटलं, वाटेत उन्हाने खराब होतोय. म्हणून बर्फाची पेटी घेतली."

"मग?"

"मग काय... थंडगार मोजे."

मला हसूही आलं आणि रडूही. "मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "बहुतेक. म्हणजे — नक्की."

"बहुतेक की नक्की?"

त्याने माझ्या बोटाला लागलेला पाटीचा खडू अंगठ्याने पुसला, आणि मग हात सोडायचा विसरला.

मावशीने आतून काचेवर टकटक केली. "ठरलं का एकदाचं? गिऱ्हाईक खोळंबलंय."

"ठरलं," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. काय ठरलं ते तिने विचारलं नाही हे बरं झालं. आम्हाला दोघांनाही ते नीट सांगता आलं नसतं.