निळी बोटं आणि वाकडी सुई

"रोज धुऊन ठेवतो, आणि रोज सकाळी हा मेला रंग थुंकतो! पोरांचेच उद्योग, दुसरं काय!"

विश्वंभरकाका फडताळापाशी स्वतःशीच पुटपुटत होते. फडताळाच्या आड चपला शोधणाऱ्या अनुश्रीने ते शब्दन् शब्द ऐकले. मग काका मोठ्यांदा म्हणाले, "ऐका रे! एअरब्रशला आता कुणी हात लावायचा नाही! सुट्टी संपेपर्यंत त्याची पेटी बंद!"

झालं! दिवाळीच्या सुट्टीत अनुश्री आणि तिचा धाकटा भाऊ विश्वजीत कळमनुरीला काकांकडे आले होते, ते एवढ्याचसाठी. काका निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचा एअरब्रश म्हणजे पेनाएवढी नळी, वर रंगाची इवलीशी वाटी, मागे हवेचा पंप! खटका दाबला की धुक्यासारखा रंग उडायचा. तांड्यावरचा मित्र सेवा धरून तिघांनी पुठ्ठ्याच्या आठ एसटी गाड्या केल्या होत्या. उद्या त्या वाचनालयाच्या प्रदर्शनात मांडायच्या होत्या, आणि सात अजून पांढऱ्याफटक!

"पांढरी लालपरी कोण बघणार?" विश्वजीत रडकुंडीला आला. "वर रोज सगळा पेपर मोठ्यांदा वाचायला लावतात. म्हणे, उच्चार सुधारतील! सुट्टीत!"

"पण आपण तर काकांशिवाय हात लावलाच न्हाई," तांड्यावरून सायकल हाणत आलेला सेवा म्हणाला. "मग कोण बिघडवून राहिलं?"

"पेटीच्या कडीला हळद लावू या. ज्याची बोटं पिवळी, तो चोर!" अनुश्री म्हणाली.

"काकूंची बोटं तर रोजच पिवळी असतात!" विश्वजीत म्हणाला.

"मग कपड्यांची नीळ!"

दुपारी जेवणं झाली, घर डुलक्या घेऊ लागलं. कडीला निळीची पूड चोपडून तिघं जांभळीखाली जाऊन बसले.

चार वाजता चहाला शेजारचे नेमसिंगमामाही आले. त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. अनुश्रीने हळूच बघितलं. काकूंची बोटं निळी! तिने सेवाला कोपर मारलं. सेवा मामांच्या कपाकडे बघत होता. मामांची बोटं निळी! आणि काकांची? तीही निळी!

"आता?" सेवा कुजबुजला. "चोर तीन, पेटी एक!"

अनुश्री पुन्हा पुन्हा सगळ्यांची बोटं मोजू लागली. विश्वजीतला मात्र राहवलं नाही. "सगळ्यांनीच पेटी उघडली!"

तिघांनी आपापली बोटं बघितली. मग काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "मी फक्त वातीनं आतून पुसून घेतली हो. देवाची समई नाही का पुसत? म्हटलं, यांना तकलीफ नको, यांना आता..." आणि त्यांनी कपबशा गोळा करायला घेतल्या.

"आन् मी दुपारी येऊन ट्यूबचं सोल्युशन लावलं," मामा डोकं खाजवत म्हणाले. "हवा लीक व्हायली व्हती ना, सर."

"सोल्युशन? एअरब्रशला?" काका ओरडले.

"काका, तुम्ही काहून उघडली?" सेवाने विचारलं.

"मी... मी फक्त बघितली!"

अनुश्रीने कोमट साबणपाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर एअरब्रश सुटा केला. पुढच्या बारीक तोटीतून कापसाचे तंतू निघाले. ती काकूंची वात! खटक्याखालचं चिकट सोल्युशन सेवाने काडीने खरवडलं. पण आतली सुई? तिचं टोक मासे धरायच्या गळासारखं वाकलेलं! कापसाच्या वातीनं सुई वाकत नाही, सोल्युशनही तिथवर पोचलेलं नाही. मग सुई कुणी वाकवली?

अनुश्रीने ती काचेवर ठेवून हलक्या बोटाने फिरवत फिरवत सरळ केली.

"वा!" काका म्हणाले. "चाळीस वर्षं शिकवलं मी, असा अलगद हात कुणाचा बघितला नाही! आण, आता मी घालतो."

त्यांनी सुई मागच्या भोकापाशी नेली. ती कडेवर आपटली. पुन्हा नेली, पुन्हा कडेवर. तिसऱ्यांदा ते जोर लावणार, तोच अनुश्रीने त्यांचं मनगट धरलं.

काकू एकदम तुळशीकडे बघू लागल्या. मामांना आपल्या चपलेत भलतंच काहीतरी सापडलं. विश्वजीत मात्र आ वासून काकांकडे बघत राहिला. रोजचा पेपर! उच्चार!

"काका," अनुश्री हळूच म्हणाली, "मी घालू?"

काकांनी सुई तिच्या हातावर ठेवली. मग त्यांनी आपली निळी बोटं रुमालाला पुसली.

"तूच घाल, बाळा. तुमचा काही दोष नव्हता. सुई रोज मीच वाकवतोय," ते म्हणाले. "मला दिसत नाही गं आता."