भाजीने निवडलेली बाई

माणसाने वनस्पतिसृष्टीवर अंतिम विजय मिळवला तो २०६३ साली. विजयाचं रणांगण होतं नारायणगावाबाहेरची चाळीस एकरांची एक शेड, आणि शरण आलेले शत्रू होते मेथी, माठ, शेपू व पालक. विजयाच्या तिसऱ्याच महिन्यात विजयी सैन्याने रजेचा अर्ज टाकला. सैन्यात एकच माणूस होतं.

त्या म्हणजे सायलीकाकू वाजगे. वय चोपन्न. सायली हे एके काळी तरुण मुलींचं नाव असे. आता ते ऐकलं की गुडघेदुखीचं तेल आठवतं. अर्जात त्यांनी लिहिलं होतं, 'मुलीचे पहिले बाळंतपण, सबब सव्वा महिना.'

शेडचे प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. निरामय टेंबे यांनी अर्ज दोनदा वाचला.

"काकू, सव्वा महिना? दोन दिवसांत नाही का उरकणार?"

"बाळंतपण आहे डॉक्टर, केस कापून घेणं नाही. मायराला डॉक्टरनी अंथरुणावरून हलू नको म्हणून सांगितलंय. ती माहेरी येऊ शकत नाही, म्हणून माहेरानेच अमरावतीला जायचं."

"पण चार जिल्ह्यांतल्या शाळांचं जेवण तुमच्या हातावर आहे!"

हे वाक्य टेंबे अतिशय गंभीरपणे बोलले, आणि दुर्दैवाने ते अक्षरशः खरं होतं.

ते खरं कसं, हे कळायला आधी बुरशी कळली पाहिजे. लोणच्यावर येते ती नव्हे. जमिनीतली बहुतेक झाडं आपल्या मुळांत एका उपयोगी बुरशीला थारा देतात. तिचे तंतू केसाहून बारीक. मुळं पोचत नाहीत तिथून ते पाणी आणि स्फुरद ओढून आणतात, आणि झाड त्यांना पानांत तयार झालेली साखर खाऊ घालतं. आंबा हे करतो, ज्वारी करते, मेथीही करते. पण पालक, माठ आणि मोहरी यांची घराणी जुन्या वळणाची. ती या बुरशीला उंबरठ्याच्या आत घेत नाहीत. टेंब्यांनी नऊ वर्षं खपून अशी बुरशी घडवली, की तिला या घराण्यांनीही नाही म्हटलं नाही. तिचं नाव त्यांनी ठेवलं 'सोयरीक'.

आणि काय सोयरीक जमली! पालकाचं पान थाळीएवढं झालं. खत बंद, फवारणी बंद. एका कोपऱ्यातला माठ तहानला, तर पलीकडचा शेपू तंतूंच्या वाटेने त्याला पाणी धाडी. चाळीस एकर भाजी जमिनीखालून एकमेकींची नातलग झाली. टेंबे आनंदाने सकाळ-संध्याकाळ वाफ्यांतून पळत असत, आणि त्यांना कुणी अडवत नसे.

नातलग झाल्यावर जे होतं, तेच मग झालं. बातम्या फिरू लागल्या. या टोकाला मेथी उपटली, की चार मिनिटांत त्या टोकाचा पालक सावध होई आणि स्वसंरक्षणार्थ कडू पडे. टेंब्यांनी त्यासाठी 'कडूकाटा' बनवला. सुई पानात टोचायची, आकडा वाचायचा. तिसाच्या वर गेलेली भाजी शेळीसुद्धा हुंगून सोडते. यंत्राने खुडली तर ब्याण्णव. प्रशिक्षित माणसाने खुडली तर सत्तर. सायलीकाकूंनी खुडली तर चार.

हे लक्षात आलं त्या दिवशी टेंबे धावतच वाफ्यात आले होते.

"काकू, पेरणीच्या आधी बियाण्याला बुरशी कुणी चोळली होती?"

"मीच की. गुळाच्या पाण्यात कालवून. आमच्यात तशीच चोळतात."

"हातमोजे होते?"

"हातमोजे घालून कुणी लाडू वळतं का?"

"नियमावलीत लिहिलं होतं हो!"

"नियमावली लिहिणाऱ्याने कधी बियाणं चोळलं होतं का?"

नियमावली टेंब्यांनीच लिहिली होती. पण रागवायला त्यांना सवड नव्हती. ते चिखलात उभ्या उभ्या उड्या मारत होते. "म्हणजे सोयरीक आधी तुमच्या हातावर रुजली! आता तुमचा हात लागला की भाजीला वाटतं, हे कुणी परकं नाही, आपल्याच मुळाचं टोक आहे. ती सावध होतच नाही!"

"म्हंजे हातगुण."

"हातगुण ही अंधश्रद्धा आहे, काकू."

"बरं."

"हा सूक्ष्मजैविक हस्तसंकेत आहे."

"म्हंजे हातगुण."

टेंब्यांनी थोडा विचार केला. "व्यवहारात, हो."

मग एकशे चाळीस बायका आणि बारा पुरुषांनी गुळाच्या पाण्यात हात बुडवून पाहिले. एकाच्याही हातावर बुरशी रुजली नाही. मोठ्या माणसाच्या कातडीवर हजार जातींचे जंतू आधीच ठाण मांडून बसलेले असतात, ते नव्या पाहुण्याला टेकू देत नाहीत. काकूंच्या हातावर ती कशी टेकली, ते टेंब्यांना सांगता येईना. काकूंच्या मते चुलीची राख आणि स्वभाव. घरोघरी बायका भाजी निवडतात. इथे भाजीने बाई निवडली. वर्तमानपत्रांनी हा मथळा फार आवडीने छापला. पण निवडलेल्या बाईला मुलगी आहे, हे कुणी छापलं नव्हतं.

"तुम्ही गेलात तर शेड कडू होईल," टेंबे म्हणाले.

"आणि नाही गेले तर मायरा होईल. शेडची समजूत तुम्ही घाला."

काकू गेल्या.

अमरावतीत मुलगी झाली. काकूंनी अंगाला तेल, डोक्याला टोपडं, धुरी, शेपूची भाजी असा सगळा कारभार हातात घेतला. रोज सकाळी दोन्ही पाय लांब करून त्यावर नातीला घ्यायचं आणि रगडून मालिश करायची. पोर असं रडे की शेजारची माणसं चौकशीला येत. काकूंना आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं, की आपण हात लावतो ती गोष्ट आपली आहे.

दहाव्या दिवशी दारात टेंबे उभे. दाढी वाढलेली, काखेत पालकाचा ट्रे. चारी बाजूंनी मुळं, माती आणि सोयरीक, आणि एका पानात कडूकाट्याची सुई.

"काटा अठ्ठ्याऐंशीवर आहे, काकू! चार जिल्ह्यांतली मुलं पालेभाजी खात नाहीत, आणि या वेळी त्यांचं म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे! फक्त एकदा हात लावा. हातगुण... संकेत टिकलाय का, तेवढं बघू."

"हात तेलाचे आहेत. बसा. ट्रे ठेवा तिकडे."

टेंब्यांनी ट्रे ठेवला तो नेमका नातीला घेतलेल्या काकूंच्या पायांशेजारी. तान्ह्या बाळाच्या तळव्याला काही लागलं, की मूठ आपोआप मिटते. बाळाच्या हाताला पालकाचं पान लागलं. मूठ मिटली आणि पान तुटलं.

पानात रोवलेल्या काट्याकडे टेंब्यांनी सवयीने पाहिलं. अठ्ठ्याऐंशी. साठ. अकरा. दोन.

"दोन!" टेंबे ओरडले. "तुमचा चार होता! हिचा दोन! अहो, कोरी कातडी! जंतूंनी अजून जागा अडवलेल्या नाहीत, आणि तुम्ही दहा दिवस हातांनी मालिश करताय! काकू, सोयरीक हिच्यावर पूर्ण रुजली! सत्तर वर्षांची सोय झाली! तुम्ही सुटलात!"

ते खोलीभर नाचले. आतून मायराने विचारलं, "आई, काय झालं गं?"

काकूंचं लक्ष ट्रेकडे होतं. त्यातली उरलेली पानं हळूहळू, देठासकट, बाळाच्या दिशेने वळत होती. काकूंनी बाळाची मूठ सोडवायला बोट घातलं. मुठीने पान धरलंय की पानाने मूठ, ते त्यांना नीट कळेना.

"आई, काहीही असलं तरी सही करू नकोस हां," मायरा आतून म्हणाली. शास्त्रज्ञांचा तिला अनुभव नव्हता, पण ती हुशार होती.

टेंब्यांनी तोपर्यंत खिशातून नेमणुकीचा फॉर्म काढलाही होता. वयाच्या रकान्यात त्यांनी 'दहा दिवस' लिहिलं. "उमेदवार अज्ञान आहे," ते दिलगिरीने म्हणाले, "म्हणून खाली सही पालकाची लागते."

सायलीकाकूंनी ट्रेकडे पाहिलं.

"त्याची झालीये," त्या म्हणाल्या.

नावाचा रकाना रिकामाच राहिला. बारसं परवा होतं.