पिवळी रेघ

झाल्या का बॅगा भरून? पहाटे पाचला निघायचंय म्हणता आणि अजून गच्चीवर खिदळत बसलाय. बसा, बसा. मला फक्त एवढं सांगा, गाडीचं सगळं पाहिलंत? तेल, पाणी, ब्रेक, हवा... आणि चाकांचे नट? ते कोणी आवळले? गॅरेजवाल्याने. तुमच्यासमोर? नाही ना. मग ऐका. घाबरवायला सांगत नाहीये. ज्याच्यावर हे बेतलं तो माणूस माझ्या ओळखीचा आहे, आणि त्याने मला हे भर दुपारी, गॅरेजच्या बाकावर बसून सांगितलंय.

आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. खाली गॅरेज, वर घर, घरात बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. हाताला असा गुण, की कुरकुरणारी गाडी त्याच्या दारात नुसती उभी केली तरी निम्मी बरी व्हायची. त्याची कामाची एक पद्धत होती. चाक चढवलं की नट आधी बोटांनी बसवायचे. मग जॅक उतरवून गाडी जमिनीवर टेकवायची आणि पान्यावर अंगाचा भार टाकून नट शेवटचे आवळायचे. ते झालं की प्रत्येक नटावरून चाकावर एक बारीक पिवळी रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पिवळी रेघ म्हणजे उस्तादची सही होती.

एका वर्षी सुट्ट्यांच्या तोंडावर त्याच्या दारात बारा गाड्या लागल्या. त्यातली एक घड्याळवाल्याची. हा घड्याळवाला मोठा मिस्कील माणूस. उस्तादच्या गॅरेजमधलं भिंतीवरचं घड्याळ त्यानेच दुरुस्त करून टांगलं होतं. गाडी न्यायला आला तेव्हा वाकून पिवळ्या रेघा पाहिल्या आणि हसत म्हणाला, "माझं काम चुकलं तर माणूस उशिरा पोचतो, उस्ताद. तुमचं चुकलं तर पोचतच नाही."

त्या रात्री तो बायकोला घेऊन निघाला. घाटात गाडी दरीत गेली. बाई वरच्या वरच बाहेर फेकल्या गेल्या, म्हणून वाचल्या. तो गेला. गाडीचा इतका चेंदामेंदा झाला होता की कोणतं चाक आधी निखळलं हे पाहायला काही उरलंच नव्हतं. सगळे म्हणाले, डोळा लागला असेल.

उस्तादला मात्र बातमी ऐकताक्षणी आठवलं. मागचं डावं चाक. नट बोटांनी बसवले, जॅक उतरवला, तेवढ्यात फोन आला. परत आला तो थेट रंगाची बाटली घेऊन. पान्याने आवळायचं राहूनच गेलं. रेघ मात्र त्याने ओढली.

तो भेटायला गेला, तेव्हा बाई एकच वाक्य धरून बसल्या होत्या. "मी झोपले हो. मी जागी राहून बोलत असते तर त्यांचा डोळा लागला नसता." उस्ताद समोर बसून होता. खरं न सांगताच उठला. घरी येऊन त्याने रंगाची बाटली नाल्यात फेकली आणि पुन्हा कधी रेघ ओढली नाही. घड्याळवाल्याच्या दुकानावरून जायचा रस्ताही सोडला.

वर्ष गेलं. मुलीने समुद्र बघायचा हट्ट धरला. किती दिवस टाळणार? शेवटी त्याने स्वतःची गाडी काढली. तीन दिवस तिच्यात खपला. बेल्ट बदलला, ब्रेक उघडून पाहिले, स्टेपनीत हवा भरली. नट दोनदा आवळले. शनिवारी रात्री शटरला आतून कुलूप लावलं, किल्ली उशाखाली ठेवली आणि झोपला.

जाग आली ती आवाजाने. खालून येत होता. कर्र... कर्र... कर्र... कोणी जुन्या घड्याळाला चावी देतंय, तसा.

तो जिन्याने खाली उतरला. दिवा लावला. शटर बंद. कुलूप जागेवर. भिंतीवरच्या घड्याळात एक चाळीस. त्याचं लक्ष आपोआप मागच्या डाव्या चाकाकडे गेलं. नटाला हात लावला, तर नट बोटांनी फिरला. पाचही तसेच.

त्याने पाना घेतला आणि सगळा जोर लावून पाचही आवळले. दिवा मालवला, वर गेला. पाठ टेकली नाही तोच...

कर्र... कर्र...

पुन्हा खाली. पुन्हा सैल. पुन्हा आवळले. या वेळी वर गेला नाही. दिवा चालू ठेवून चाकासमोर स्टूल टाकून बसला.

दोन वाजले. सव्वादोन.

दोन वाजून सव्वीस मिनिटांनी...

वरचा नट फिरला. आपला आपण. हळू.

कर्र...

मग थांबला. कोणी वाट बघावी, तसा.

वर उस्तादची पोर झोपली होती. सकाळी ती याच बाजूला खिडकीशी बसणार होती.

"माझ्याकडून..." तो म्हणाला. "माझ्याकडून राहिलं होतं हो... हे चाक."

शांत.



मग भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. त्याने मान वळवून वर पाहिलं. एवढाच काय तो क्षण. परत चाकाकडे बघितलं, तर नट चारच होते.

पहाटेपर्यंत तो फरशीवर रांगत पाचवा नट शोधत होता. गाडीखाली, खोक्यांमागे, बाकाखाली. नव्हता. आणि उरलेले चार... पान्यालाही हलत नव्हते.

पाचला मायलेकी बॅगा घेऊन उतरल्या. नट काय, दुसरा डब्यात पडलेला होता. लावला असता, निघाले असते. पण उस्ताद बायकोला म्हणाला, "गाडी तयार नाही. मला आधी एका ठिकाणी जाऊन यायचंय." त्याचा चेहरा बघून तिने बॅगा परत वर नेल्या.

तो घड्याळवाल्याच्या घरी गेला. जिन्यात दोनदा पाय माघारी वळले, हेही त्याने मला न लपवता सांगितलं. दारावर थाप मारायला हात उचलला आणि दार उघडलं. बाई उभ्या होत्या, रात्रभर न झोपल्यासारख्या. त्यांनी मूठ पुढे केली.

"हा तुमच्याकडचा ना? आत्ता बघते तर त्यांच्या कामाच्या टेबलावर..."

नट होता. उस्तादने तो घेतला, मुठीत घट्ट धरला आणि म्हणाला, "वहिनी, त्यांचा डोळा लागला नव्हता."

मग सगळं सांगितलं. फोन, पाना, रेघ, सगळं. बाई चौकट धरून ऐकत होत्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे मी झोपले म्हणून नाही?"

"नाही."

त्यांनी दार लावून घेतलं. आतून पहिला हुंदका ऐकू आला तेव्हा उस्ताद जिन्यात होता. खाली उजेडात येऊन त्याने मूठ उघडली. नटावर पिवळी रेघ होती. आणि ती त्याच्या तळहातावर उमटली होती... ओली.