झिपरूच्या जन्माची नोंद

"मास्तर, जसा शेतस तसा या! कोणीतरी मन्हा आज्याले धाकला करी टाकं!"

सकाळी साडेसहाला गोकुळ पाटलाचा हा फोन. गिरधर मास्तरांनी चहा तसाच ठेवला, चष्मा शोधला आणि चपला पायात सरकवल्या. बत्तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळून निवृत्त झालेल्या या माणसाला कोणी 'जसे असाल तसे या' म्हणून आजवर बोलावलं नव्हतं.

धानोऱ्यात पोळ्याला मारुतीपुढच्या तोरणाखालून पहिली जाते ती पाटलांच्या थोरल्या घरची बैलजोडी. थोरलं घर कोणतं, याबद्दल आजवर वाद नव्हता. रामजी पाटलाला दोन मुलगे, थोरला चुडामण आणि धाकटा झिपरू. चुडामणचा नातू गोकुळ वीस वर्षं पहिल्या जोडीचा कासरा धरत होता. पोळा चार दिवसांवर होता.

गोकुळने ओट्यावरच फोन पुढे केला. भाऊबंदांच्या गटावर काल संध्याकाळी झिपरूच्या पणतूने, भूपेशने, एक चित्र टाकलं होतं. जुन्या जन्मनोंदीच्या वहीचं पिवळं पान. मार्च १९०८, धानोरे. बापाचं नाव रामजी पाटील. मुलगा. आणि पुढच्या रकान्यात नाव: झिपरू.

चुडामणच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल होतं १९१०.

"म्हणजे झिपरू दोन वर्षांनी मोठा," मास्तर म्हणाले.

"तेच तर! तो पोऱ्या म्हनस, मान आमना घरले द्या. शनिवारी समदा भाऊबंद बसतीन. मास्तर, वंशावळ तुम्ही जाणतस. वीस वरीस त्याच वह्यासमा डोकं घालेल शे तुमनं."

वीस वर्षं. हे शब्द मास्तरांना टोचले. शहादा, तळोदा, पार साक्रीपर्यंत एसटीने हिंडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांपुढे बसून त्यांनी पाटलांची, म्हणजे आपल्याच भाऊबंदांची, वंशावळ सात वह्यांत उतरवली होती. त्या वह्या कोणी मागितल्या नव्हत्या. आणि सत्तावीस वर्षांच्या भूपेशने एका संध्याकाळी, खाटेवर पडल्या पडल्या, फुकट नोंदी दाखवणाऱ्या साइटवरून हे पान काढलं होतं. त्याखाली भाऊबंदांचे एकसष्ट अंगठे उमटले होते.

मास्तरांनी ते मोजले होते.

गोठ्याच्या बाजूने गोकुळचा धाकटा भाऊ ललित आला. हाताला शेण, खांद्यावर टॉवेल.

"कसाले येवढं डोकं लावतस, मास्तर? कागद बोली ऱ्हायना ना."

"तू चूप बस," गोकुळ म्हणाला. "बैलसनं देख."

"बैलसनं तर मीच देखस. बारा महिने."

मास्तरांना दोघांमध्ये उभं राहणं जड गेलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी बैलांची चौकशी केली. ललित खुलला. खिशातून फोन काढून त्याने दोन्ही बैलांचा फोटो दाखवला. शिंगांना झेंडूचे गोंडे, पाठीवर भरजरी झूल.

"इतक्यात सजवलेसुद्धा?"

"नही हो! गोंडा, झूल, समदं फोनमाच चिटकाडेल शे. पोळाना फलक करना शे ना. खरं वाटनं का नही?"

"अगदी खरं वाटलं," मास्तर म्हणाले आणि भूपेशच्या घराकडे निघाले.

भूपेश दारात दात घासत होता.

"या मास्तर, पायी निघालात? माझ्यावर खटला भरायला?"

"हे पान तू कुठून घेतलंस?"

"वंशावळीच्या साइटवरून. फुकट आहे, कोणीही जोडू शकतो. 'धानोरे पाटील' असं शोधलं तर कुटुंबाचं अख्खं झाड तयार! झिपरूच्या नावाला हे पान जोडलेलं होतं."

"झाड कोणी लावलं?"

"'धानोरेकर' म्हणून कोणी खातं आहे. खरं नाव दिसत नाही."

"मूळ वही उघडून पाहिलीस?"

"कशाला? पान समोर आहे ना." तो चूळ भरून हसला. "खरं सांगू, तुम्हाला राग आलाय. वीस वर्षांत तुम्हाला जे नाही सापडलं—"

"मला राग येत नाही," मास्तर म्हणाले. त्यांचे कान तापले होते.

ओसरीत भूपेशची आजी धनुबाई लसूण सोलत होती. ती झिपरूची सून. पंच्याऐंशीची, पण कान शाबूत.

"गिरधर, बठ. तू शाळानीच भाषा बोलशी का घरमा बी?"

"सवय आहे, काकू. तुमचे सासरे थोरले की धाकटे?"

"माले काय ठाऊक? मी काय तवय व्हतू?" तिने लसणाची पाकळी बोटांत चेपली. "येवढं सांगस, सासरा सात वरीसना व्हवस्तोवर त्याना केसले कातर लागनी नही. नवस व्हता. म्हनीसन तर झिपरू नाव पडनं."

"आणि गोकुळ, ललित कुठे, कधी जन्मले?"

"गोकुळ तर इठलाच. ललितनी माय आखाजीले माहेर गयी नि सणनाच दिन बाळंत झाई. झोका बांधेल ऱ्हायना, नि घरमा पोऱ्या!"

भूपेश आतून ओरडला, "आजी, अक्षय्य तृतीयेचं राहू दे, कागदावर ललितकाका एक जूनचेच! या घरात त्या पिढीतले सगळे एक जूनचे. गटावर आम्ही एकाच दिवशी सगळ्यांना केक पाठवतो."

मास्तरही एक जूनचेच होते. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, पोरगं कधीचं? बाप म्हणायचा, पाऊस यायचा होता. गुरुजी लिहायचे, १ जून.

घरी येऊन मास्तरांनी दार लावलं आणि मुलाने पाठवलेला लॅपटॉप उघडला. जिल्ह्यातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्या छायाचित्रं काढून कोणालाही फुकट पाहता येतील अशा ठेवल्या आहेत, हे त्यांना माहीत होतं. पण आजवर त्यांनी त्या उघडल्या नव्हत्या. हे वापरलं तर आपल्या वीस वर्षांच्या पायपिटीला काय अर्थ, अशी भीती होती.

१९०८, धानोरे. एकेक पान उघडायला मिनिट लागत होतं. सत्तेचाळिसाव्या पानावर नोंद सापडली. तीच तारीख, तोच शाईचा डाग. रामजी पाटील, मुलगा.

पुढचा रकाना कोरा.

मास्तरांनी वरखाली पाहिलं. सगळ्या पानावर तो रकाना कोराच. मागच्या पानावरही, पुढच्या पानावरही. कोतवाल जन्माची वर्दी दोन-तीन दिवसांत द्यायचा, तेव्हा बारसं कुठं झालेलं असायचं? बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी, एवढंच लिहिलं जायचं.

म्हणजे 'झिपरू' हे नाव नंतर, चित्रावर चिकटवलेलं होतं.

मास्तरांना आनंद झाला. इतका, की ते खुर्चीतून उठून उभे राहिले. पकडला! त्यांनी फोन उचलला, गोकुळचा नंबर काढला, आणि थांबले.

भूपेशने केलं, हे मला कुठे माहीत आहे? मला फक्त ते त्यानेच केलेलं असावंसं वाटतंय.

ते पुन्हा बसले. स्वतःवर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. आज तर मुळीच ठेवण्यासारखा नव्हता.

त्यांनी 'धानोरेकर'चं झाड उघडलं. जिवंत माणसंही त्यात होती. गोकुळ, १ जून १९६४. ललित, २३ एप्रिल १९६६. गिरधर, १ जून १९५०. भूपेश, फक्त १९९८. काजल, गोकुळची मुलगी, २००१. नावांपुढे चुका नव्हत्या. लावणारा घरातलाच होता.

मग त्यांनी दुसरी वही उघडली. जन्माच्या नोंदी सगळेच शोधतात. मरणाच्या वहीत कोणी जात नाही. संध्याकाळपर्यंत ते त्या वहीत होते. शेवटी एक जुनं पंचांग शोधलं, एक तारीख ताडून पाहिली आणि दिवा न लावता कितीतरी वेळ बसून राहिले.

शनिवारी गोकुळच्या ओट्यावर भाऊबंद जमले. धनुबाईला खुर्ची, बाकीच्यांना सतरंजी. काजल सगळ्यांना पाणी देत होती. ललित खांबाला टेकून उभा होता. मास्तरांच्या हातात चार छापील पानं होती.

"आधी माझी चूक सांगतो," ते म्हणाले. "एक दिवसभर मी मनात भूपेशला चोर ठरवलं होतं."

"मला?" भूपेश ताडकन उठला. "का?"

"तुला एका संध्याकाळी सापडलं म्हणून. दुसरं कारण नव्हतं. बस."

कोणीतरी हसलं. भूपेश मात्र हसला नाही. तो खाली बसला.

"हे मूळ पान. नावाचा रकाना कोरा आहे. वहीभर कोरा आहे. गटावर आलेल्या चित्रात नाव चिकटवलंय."

गोकुळने मांडीवर थाप मारली. "मी काय सांगं!"

"थांबा. नाव खोटं असलं तरी मुलगा खरा आहे. १९०८ मध्ये रामजी पाटलाला मुलगा झाला. तो कोण?" मास्तरांनी दुसरं पान उचललं. "मृत्यूची वही. नोव्हेंबर १९०८. रामजी पाटील यांचा मुलगा, वय आठ महिने, ताप. ज्याच्यावर आपण भांडतोय, तो मुलगा बारा महिनेही जगला नाही. आता तिसरं पान. १९१० ला चुडामण. मग १९१२ आणि १९१३, आणखी दोन लेकरं गेली. त्यानंतर १९१५ ला मुलगा."

धनुबाईचा हात कपाळाशी गेला. "म्हनीसन नवस!"

"होय, काकू. पहिल्या पोराचं नाव कोणी झिपरू ठेवत नाही. दोन लेकरं लागोपाठ गेली, तेव्हा पुढच्याचे केस नवसाने राखले. झिपरू १९१५ चा. चुडामण थोरला. मान या घराचाच."

गोकुळ उभा राहिला. छाती पुढे. "आते सांगा, कोनी करं?"

मास्तरांनी चौथं पान सतरंजीवर ठेवलं.

"हे 'धानोरेकर'ने लावलेलं झाड. भूपेशपुढे फक्त साल आहे, तारीख नाही. भूपेश, तू हॉस्पिटलात जन्मलास. दाखल्यावर तारीख आहे?"

"बारा जानेवारी."

"झाड तू लावलं असतंस तर स्वतःची तारीख विसरला नसतास. आता बाकीचे बघा. गोकुळ एक जून. मी एक जून. आमच्या पिढीतले सगळे एक जून, कारण लावणाऱ्याला कागदावरचीच तारीख माहीत. एकच माणूस वेगळा. तेवीस एप्रिल १९६६."

मास्तरांनी पानावर त्या तारखेखाली बोट ठेवलं.

"त्या वर्षी आखाजी तेवीस एप्रिलला होती. पंचांगात पाहिलं. आखाजीचा जन्म हे घरात पुष्कळांना ठाऊक असेल. पण इंग्रजी तारीख शोधून काढून ती लिहायची, एवढी हौस कोणाला असणार? ज्याची आहे त्यालाच. त्याला फोनमध्ये बैलांच्या शिंगांना गोंडे चिकटवता येतात. एक नाव चिकटवायला कितीसा वेळ?"

सगळ्यांचे चेहरे खांबाकडे वळले.

ललितने टॉवेल खांद्यावरून काढला, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकला.

"हां," तो म्हणाला. "मीच."

"तू?" गोकुळचा आवाज फुटला. "आपलाच घरना मान दुसराले?"

"आपला घरना?" ललित पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "तुन्हा! चारा मी, पानी मी, दवाखानामा रातभर मी. नि पोळाना दिन तू धुयेल कपडा घालीसन येस, मन्हा हातमाईन कासरा लेस नि पुढे चालस. लोके म्हनतस, गोकुळभाऊनी जोडी! वीस वरीस मी मांगे चालनू. माले वाटनं, मन्हा हातमा नही ना, मंग तुन्हा हातमा बी नको. कोनाबी हातमा जावो."

"माले सांगतास—"

"तीनदा सांगं. तू हसना."

काजलच्या हातातला तांब्या कलंडला. पाणी सतरंजीवर पसरलं, पण कोणी पुसलं नाही.

गोकुळने त्या ओल्या डागाकडे पाहिलं. मग म्हणाला, "यंदा कासरा तू धर."

"आते? समदासमोर चोर ठरना, आते देस? भीक नको माले."

"मंग मी बी नही धरत," गोकुळ म्हणाला. त्याची मान खाली होती. "भूपेशनी जोडी पुढे जाऊ दे. आपले बैल मांगे."

"मांगे?" ललित खांबापासून सुटला. "कितवा?"

"कितवा बी."

"कितवा बी?" त्याचे डोळे विस्फारले. "त्या बैलसनी काय करं? धूळ खात उभा ऱ्हातीन, लोकेसना ढोरेसना मांगे?" त्याने सगळ्यांकडे पाहिलं, धनुबाईकडे, भूपेशकडे, मास्तरांकडे. "नही जमाव. त्या पुढेच चालतीन. कासरा मी धरसू."

"धर."

"नि तू मांगे चालशी. शेपटीजोडे. समदा गावदेखत."

गोकुळने मान वर केली. पोळ्याचा पांढरा सदरा, पांढरं धोतर, वीस वर्षं पहिल्या जोडीपुढे टाकलेलं पाऊल.

"चालसू," गोकुळ म्हणाला.