चार तासांनंतरचा फोटो

एकोणऐंशी सालच्या मार्चमधला शनिवार. जऊळका स्टेशनच्या बाकावर बेबी येऊन टेकली, तसा आधीच बसलेला माणूस उठून पलीकडच्या बाकावर गेला. तिथं सावली बरी, म्हणून तीही तिकडे गेली. तो पुन्हा उठला.

“काहून हो, मी चावते का?”

“तसं नाही, सिस्टर... माह्या अंगात किरणं हायेत.”

बेबी गावच्या दवाखान्यात नव्यानं आलेली नर्स. दर शनिवारी लसी आणायला अकोल्याला जायची. हा देवमन, शाळेतला गुरुजी. सायकलवर चढ लागला की त्याची छाती आवळायची, म्हणून डॉक्टरांनी त्याला मुंबईला धाडलं होतं. तिथं त्याला फिरत्या पट्ट्यावर पळवलं, थेलियम नावाचं औषध शिरेत टोचलं, हृदयाचे फोटो घेतले. चार तासांनी पुन्हा घेतले. “दोन दिवस लहान लेकरांपासून लांब राहा,” असं बजावलं. गुरुजी तीन आठवडे लांब राहिले, तेही सगळ्यांपासून. वर्गसुद्धा दारात उभं राहून घेत होते.

“थे औषध कवाच उतरलं, गुरुजी. बसा!”

तो बसला, बाकाच्या अगदी टोकाला. हातात मुंबईच्या तपासणीचं बंद पाकीट, अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवायचं. पण गाडी आली आणि तो चढलाच नाही. पुढच्या शनिवारीही नाही. गप्पा मात्र लांबत गेल्या.

तिसऱ्या शनिवारी बेबी अर्धा तास लवकर आली. का, हे स्वतःशी कबूल करणं तिला जड गेलं. देवमन इस्त्रीचा सदरा घालून आधीच हजर होता.

“आज तरी जाता का?”

“भेव वाटते. वाईट निघालं तं लगनाचं नाव सोडाव लागन. आतालोक लगीन कराव असं वाटतच नव्हतं, सिस्टर. आता... वाटून राह्यलं.”

ती लाजली. मग सरळ पाकीट ओढून घेतलं आणि फाडलं.

“पळाल्यावरच्या फोटोत एक जागा रिकामी हाये. औषध तिथं पोचलंच नाही.”

देवमनचा चेहरा उतरला.

“चार तासांनंतरच्या फोटोत तीच जागा भरली! मेलेलं मांस भरत नाही, गुरुजी. थे जित्तं हाये. मेहनत केली की रक्त कमी पडते, एवढंच.”

“म्हंजे मी वाचीन?”

“गोळ्या लागतीन. ऑपरेशनबी लागन कदाचित. किती वर्सं, थे कोणीच सांगू शकत नाही.”

“मंग कोणती पोरगी हो म्हणन?”

“इचारल्याबिगर कशी म्हणन?”

दूर गाडीची शिटी झाली. देवमननं घाम पुसला.

“सिस्टर—”

“बेबी.”

“बेबी... माह्यासंगं लगीन करता का?”

“करते,” ती म्हणाली. फाडलेलं पाकीट तिनं त्याच्या हातात कोंबलं. “पण मले लवकर विधवा व्हायचं नाही. चढा गाडीत!”