चौथा विडा

"पुढचा चंद्र उगवेल तेव्हा माझा घोडा विजयनगरच्या राजतलावात पाणी पीत असेल," असं सुलतानांनी भर दरबारात जाहीर केलं. छावणीने माना डोलावल्या. घोडा तेवढा हजर नव्हता. त्याला पोटशूळ उठला होता आणि मोतद्दार त्याला तुंगभद्रेच्या काठाने फिरवत होते.

मग रिवाजाप्रमाणे सोन्याचा वर्ख लावलेला विडा तबकात आला. नदीपलीकडे पहिली तुकडी नेणार त्याने तो उचलायचा आणि तिथंच तोंडात टाकायचा. एकदा खाल्ला की माघार नाही. सगळे सरदार एकाएकी गालिच्यावरची वेलबुट्टी न्याहाळू लागले. म्हातारा सफदरखान मात्र उठला. विडा उचलून त्याने मस्तकाला लावला, ओठ झाकणाऱ्या दाट मिशांपर्यंत नेला आणि गाल फुगवून कुर्निसात केला.

दुपार कलायच्या आत तो आपल्या तंबूत मेला. हकिमाने बचनागाचं विष सांगितलं. विडा लावणारा तांबोळी राचप्पा पकडला गेला. सकाळी त्याला हत्तीच्या पायी द्यायचं ठरलं.

त्याची बायको गंगव्वा फसीह मियाँच्या पालात येऊन बसली. मियाँ पूर्वी कोतवालीत होते. खरा गुन्हेगार शोधायची खोड लागल्यामुळे नोकरी गेली. त्यांच्यासोबत हैबती नावाचा मराठा शिलेदार राहायचा. त्याचा घोडा मेला होता, त्यामुळे त्याला कोणी लढाईला नेत नव्हतं आणि घरीही सोडत नव्हतं.

"चुन्याच्या डबीत मुंगी पडली तर काडीनं काढतो हो तो," गंगव्वा म्हणाली. "तो कुणाला मारेल?"

"विडा कोण उचलणार, हे त्याला ठाऊक होतं?"

"कोणी उचलेल असंच कुणाला वाटलं नव्हतं, मियाँसाहेब."

"घरी जा बाई. चूल पेटव."

ती गेल्यावर हैबती म्हणाला, "आशा लावलीत बिचारीला. विडा त्यानं लावला, म्हातारा मेला. आता राहिलं काय?"

"राहिलं डोकं चालवायचं. चल, आधी हकिमाकडे."

हकीम कमालुद्दीन शिराझचा. दख्खनचे लोक मरतात ते मुख्यतः आपल्याला त्रास द्यायला, असं त्याचं मत होतं.

"बचनाग माझ्याकडूनच गेला असणार," तो म्हणाला. "घोड्याच्या गुडघ्याला लावायला सगळेच नेतात. परवा खानाचा पुतण्या नेऊन गेला, काल बक्षी, त्याआधी तुमचा हा हैबतराव."

"तुझा घोडा तर मेलाय," मियाँ म्हणाले.

"माझाच गुडघा दुखतो," हैबती खाली बघत म्हणाला.

खानाच्या तंबूत पुतण्या रुकन एकटाच होता. प्रेत गुसलसाठी, शेवटच्या अंघोळीला नेलं होतं. जेवणाचं ताट तसंच पडलं होतं: रश्शात कालवून लगदा केलेली रोटी. उशाशी छोटा पितळी खलबत्ता होता, राखेने घासून लख्ख केलेला. मियाँनी खानाचा कंबरेचा शेला उलगडला, आतून बोट फिरवलं. बोटाला सोनेरी चकाकी लागली.

"सरदाराच्या शेल्यात सोनं," हैबती पुटपुटला. "नवल ते काय?"

"रुकनमियाँ, चाचांनी विडा खाल्लेला तुम्ही पाहिलात?"

"दरबारापासून तंबूपर्यंत सोबत होतो. सुपारी कडाकडा फोडत आले. या वयात असे दात कुणाचे नसतील."

"आणि हा चांदीचा डबा?"

रुकनने त्याच्यावर हात ठेवला. "चाचाजानच्या इज्जतीच्या चिजा आहेत. परक्याने हात लावायचा नाही."

"अदब आहे," मियाँ म्हणाले आणि निघाले. हैबतीला वाटलं, तांबोळी मेलाच.

सकाळी हत्ती वेळेवर आला. दरबाराच्या कनातीबाहेर राचप्पा बांधलेला होता. गंगव्वा शेजारी बसून त्याच्या पाठीवरच्या माशा वारत होती. आत, हैबतीला मागे उभं करून, मियाँनी बोलायची परवानगी मागितली. रुकनला बोलावून घ्यावं, चांदीचा डबाही सोबत आणावा, एवढीच विनंती केली.

"हुजूर, विडा कोण उचलणार हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. मग त्यात विष घालणाऱ्याला मारायचं कुणाला होतं? नेम धरायचा तर विडा उचलल्यानंतरच धरता येतो."

"खानाने विडा खाल्ला. आम्ही पाहिलं," वजीर म्हणाले.

"आपण फुगलेला गाल पाहिलात. सफदरखानांना दात नव्हते, हुजूर."

दरबारात चुळबुळ झाली. रुकनचा चेहरा उतरला.

"ते रोटी कालवून खात, पान कुटून खात. उशाशी खलबत्ता त्यासाठीच. काल तंबूत खरकटं ताट तसंच होतं, पण खलबत्ता राखेने घासलेला. विडा त्यांनी हातचलाखीने शेल्यात सरकवला. वर्ख ओठांना लागला नाही, शेल्याला लागला. तंबूत गेल्यावर नेहमीचं कुटलेलं पान मागितलं. ते कोण कुटून देत होतं, रुकनमियाँ?"

रुकनने डबा छातीशी धरला.

"काल तुम्ही म्हणालात, सुपारी कडाकडा फोडली. बोळक्या तोंडाने? चाचांच्या दातांची कीर्ती तुमच्या घराण्याने इतकी वर्षं गायली, की खून केल्यावरही तोंडातून तीच निघाली. आता तो डबा उघडा. माणूस मारता आला तुम्हाला, पण सुलतानांचा विडा धुळीत फेकणं, ती बेअदबी तुमच्या हातून व्हायची नाही."

डबा उघडला. आत तीन विडे वाळून काळे पडलेले. चौथा हिरवागार.

"तीन विडे, तीन मोहिमा," रुकन हळूच म्हणाला. "विडा चाचाजान उचलायचे, नदी आम्ही ओलांडायचो. ते अलीकडच्या काठावर सावलीत बसायचे. दर खेपेला माझा एक भाऊ पलीकडे राहिला. आता धाकटा उरलाय. त्याला अजून मिसरूड फुटलेलं नाही."

"आणि तांबोळी?" मियाँनी विचारलं.

"त्याचा विचार केला नव्हता." रुकन म्हणाला. "मोहिमेत कुणाचा करतात?"

सुलतानांनी डबा जवळ मागवून घेतला. मग म्हणाले, "हा चौथा विडा निर्विष आहे, याचा पुरावा?"

"हैबती, खा," मियाँ म्हणाले.

"मी?"

"मला सुपारी सोसत नाही."

हैबतीने बाहेर पाहिलं. कनातीच्या फटीतून गंगव्वा त्याच्याकडे डोळे लावून बसली होती. त्याने विडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. चावला. पुन्हा चावला. दरबार त्याच्या मरणाची वाट बघत राहिला. ते काही आलं नाही. उलट विडा उत्तम जमला होता.

राचप्पाच्या दोऱ्या सोडल्या आणि त्याच दोऱ्या रुकनला बांधल्या. जाताना तो मियाँना एवढंच म्हणाला, "धाकट्याला नदीपासून लांब ठेवा." मियाँनी मान हलवली, पण ते त्यांच्या हातात नव्हतं. हत्तीला फार थांबावं लागलं नाही.

मग सगळ्यांच्या लक्षात एकदमच आलं. विडा भर दरबारात खाल्ला गेला होता. सरदारांचे चेहरे उजळले. मियाँचा पहिल्यांदाच रंग उडाला.

सुलतान उठून उभे राहिले. "शाबास. उद्या पहाटे नदी ओलांडणारी पहिली तुकडी हैबतराव नेतील. सफदरखानाचा धाकटा पुतण्या निशाण धरेल. बोला हैबतराव, काय हवं ते मागा."

हैबतीने फुगल्या गालांनी चहूकडे पाहिलं, मान वर करून तोंडातला रस सांभाळला आणि कसंबसं म्हणाला, "हुजूर, तेवढी पिकदाणी."