बोयाजवळची गाठ

दादा बुडाला त्याच्या चौकशीच्या कागदावरची शेवटची ओळ: शिडाची दोरी बांधून ठेवली होती. निष्काळजीपणा.

दादाच्या शर्टाच्या खिशातून निघालं ते: एक पान्हा, भिजलेली काडेपेटी, चार कोऱ्या बॅटऱ्या.

कोण कुठे निघालं ते लिहायचा धक्क्यावरचा फळा, धक्का सांभाळणारे काका रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतात.

"आत्या, निष्काळजी म्हणजे वेडा का गं?" भाचीने शाळेतून आल्या आल्या विचारलं. दप्तरही काढलं नव्हतं.

म्हणून मी निघाले! सरोवराच्या मधोमध, बोयावर, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपावर, वारा मोजणारं यंत्र आहे. दादा बुडाला त्या दुपारी वारा कसा उलटसुलट फिरला, ते त्याच्या पेटीत नोंदलेलं असणार. पेटी आणायची आणि ती ओळ खोडायला लावायची.

"एकटी?" काका म्हणाले. "इथला वारा कुठे वळेल, ते त्याला स्वतःला ठाऊक नसतं, पोरी."

"दादाने शिकवलंय मला."

"आणि दादाला मी."

मी शिडं शिवते. दादा म्हणायचा, "शिवतेस झकास, होडी हाकतेस म्हशीसारखी." त्याचा पहिला धडा एकच: इथे शिडाची दोरी बांधायची नाही, हातात धरायची. झोत आला की सोडून द्यायची, म्हणजे शीड रिकामं होतं आणि होडी वाचते. तोच माणूस दोरी बांधेल?

वारा डाव्या गालावर होता. मग मानेवर आला. मग कुठेच नाही. शीड ओल्या चादरीसारखं लोंबलं, आणि सगळ्या बाजूंच्या डोंगरांमध्ये, शिशासारख्या पाण्यावर, मी बराच वेळ नुसती बसून राहिले. दादाही असाच बसला असेल का, एवढंच डोक्यात. दुपार कलता कलता बोया हाताशी आला.

पान्हा दादाचाच आणला होता. यंत्राच्या नटांना तो चपखल बसला. दोरी दातांत धरून तीन नट काढले. चौथा गंजलेला. एका हाताने खांब, एका हाताने पान्हा, आणि पेटी सुटली तर ती धरायची कशाने?

एकच मिनिट, म्हटलं.

दोरी बांधली.

नट निघाला. पेटी दोन्ही हातांत आली. जड! आणि पाठीमागून वारा कोसळला!

होडी आडवी! पाणी आत! गाठ पायाने ढकलून पाहिली. ताणाने ती दगड झाली होती. कमरेला शिवणाची कात्री होती. पण हात? दोन्ही हातांत पेटी!

पेटी सोडली.

कात्री. एक घाव. दुसरा. दोरी तुटली, शीड फडफडलं, होडी कण्हत सरळ झाली. पेटी गेली तिथे चार बुडबुडे आले. मग तेही नाही.

डब्याने पाणी उपसत, तुटक्या दोरीचं टोक मुठीत धरून, अंधारायच्या आत कशीबशी धक्क्याला लागले.

"पेटी?" काकांनी विचारलं.

"गेली."

त्यांनी होडीतल्या खुंटीला उरलेलं दोरीचं टोक उचलून पाहिलं. गाठ अजून तशीच होती.

"मीही बांधली, काका."

त्यांनी टोक खाली ठेवलं. भाची घरी जागी असणार होती.

दादा बुडाला त्याच्या आदल्या संध्याकाळी धक्क्यावरच्या त्या फळ्यावर, सकाळी तो नेहमीसारखा पुसला जाण्याआधी, त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं: बोयावरचं यंत्र आठवडाभर बंद, उद्या बॅटऱ्या बदलायला जातो.